रुमालाखालचा हात

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. वडील होते तोवर त्यांच्यासाठी टाळलं, मग मुलींची लग्नं व्हायची होती म्हणून, मग बायकोचं आजारपण होतं. कारणं संपली तेव्हा स्वतःला म्हटलं, आता कोणाला काय पडलंय?

पण पडलेलं आहे. आमच्या गावाखाली तापीत एक डोह आहे. त्याला अजून ‘घोडीवालीचा डोह’ म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात नातवंडं तिकडे पोहायला निघाली, तर माझी सून दारातून ओरडली, "तठे नका जाऊ रे, घोडीवाली पाय धरस!" घोडीवालीनं एका सौदागराशी संधान बांधलं, मग त्याला मारून डोहात टाकलं आणि तीही तिथंच बुडून भूत झाली, अशी गोष्ट आहे. माझ्याच घरात, माझ्या देखत सांगितली गेली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

त्या दिवसापासून झोप नीट नाही. म्हणून आता लिहितो. घोडीवाली माझी काकी होती. तिनं कोणाला मारलं नाही. ती त्या डोहात बुडाली नाही. त्या सौदागराशी तिचं घोडी घेण्यापलीकडे काही नव्हतं. तो माणूस मेला तो माझ्यामुळे. मुलगा म्हणाला, "दादा, कसाले उकरतस? घरनं नाव जाई." जाऊ दे. ते नाव एका बाईच्या अब्रूवर उभं आहे, आणि मी त्याला फार दिवस खांदा दिला. आता देत नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तो तापानं गेला तेव्हा काकी तरुण होती. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे तेव्हा विधवेचा पाट लावून द्यायची रीत होती. तिच्या माहेरचे लोक बैलगाडी घेऊन आले. त्यांनी स्थळसुद्धा पाहून ठेवलं होतं. काकीनं त्यांना जेवू घातलं, बैलांना चारा टाकला आणि भावाला म्हणाली, "गाडी रिकामीच लई जा. ओझं कमी, बैलस्ले बरं." भाऊ रागानं निघून गेला तो परत आला नाही. काकी नदीकाठच्या मळ्यात राहायला गेली. एकटी.

तो मळा तिच्या मालकीचा नव्हता, हे इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काका भावापासून वेगळा निघालेला नव्हता. पंचांनी ठरवून दिलं होतं की मळा तिनं हयातभर खावा, पण चालचलन नीट असेल तोवरच. वर्तनात खोट निघाली तर मळा मोठ्या भावाकडे परत. मोठे भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते गावचे पाटील होते आणि पंच रोज आमच्याच ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे.

काकीच्या वर्तनात खोट शोधायला कोणाला कष्ट पडत नव्हते. ती काकाचा काळा कोट घालायची. डोक्याला त्याचाच फेटा गुंडाळायची. मोट स्वतः हाकायची आणि पाणी भरून झालं की थारोळ्यावर बसून बिडी ओढायची. बायका धुणं घेऊन नदीवर जाताना तिला टोकत. एकदा कोणीतरी विचारलं, "एकली ऱ्हास, तुले भ्या नही वाटस का वं?"

"वाटस ना," काकी म्हणाली. "म्हनीसन तं गावमा ऱ्हात नही."

मला ती आवडायची. लहानपणी पोहायला तिनंच शिकवलं होतं. पण मी मॅट्रिक होऊन धुळ्याला पुढं शिकायला गेलो, अंगावर इस्त्रीचा कोट आला, पायात बूट आले, आणि काकीकडे जाताना मी आजूबाजूला पाहून जाऊ लागलो. तेव्हाच कळायला हवं होतं मी कोणत्या मातीचा आहे ते.

त्या वर्षी पावसाळाभर मी धुळ्याला होतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तिच्यासाठी गावी आलो. तेव्हाच काकीनं घोडी घ्यायचं ठरवलं होतं. बाजाराला जायला, भाजीपाल्याच्या गोण्या वाहायला. आबांनी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, "रांडमुंड बाई घोडीवर बसी? या घरमाईन तिना संगे कोनी जावानं नही."

मी गेलो. तिनं बोलावलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

ज्यांनी घोड्यांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव बोलतात. भोवती गर्दी उभी असते, पण आकडा त्या दोघांतच राहतो. सौदा फिसकटला तरी कोणाची मान खाली जात नाही. सुरेख रीत आहे. फक्त बाईला तिच्यात जागा नाही. परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन रुमालाखाली बोटं दाबत बसायचं, तेही चारचौघांत? तशी बाई गावात परत कशी येणार?

काकीनं सगळी यात्रा फिरून एका काठेवाडी सौदागराची कुमैत, म्हणजे काळपट तांबडी, घोडी पसंत केली. उंच, भरल्या पुठ्ठ्याची, पण डोळ्याच्या खाली केसांचा भोवरा. आपल्याकडे मानतात की अशा ठिकाणी भोवरा असलेली घोडी धन्याला रडवते. लोक येत, पाय बघत, दात बघत, मग तोंडाशी येऊन भोवरा दिसला की पुढं सरकत. यात्रा संपत आली तरी ती खुंट्यालाच होती.

सौदागर खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "बेन, आ घोडी धणीने खाय."

काकी घोडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "मी बी नवरा खायेल शे. आम्हनं दोन्हीसनं जमी."

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग राहुटीत रुमाल काढून बसला, आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हात कोणाचा घ्यायचा. तो काकीकडे बघेना. काकीनं मला पुढं केलं. "भाऊ, तुन्हा हात दे."

असा तो सौदा झाला. मी सौदागरासमोर मांडी घालून बसलो, काकी माझ्या मागं उभी राहिली. त्याची बोटं रुमालाखाली माझ्या बोटांवर, तिची बोटं माझ्या खांद्यावर. तो दाबायचा, मी मान न हलवता हळूच पुटपुटायचो, ती खांदा दाबून उत्तर द्यायची. राहुटीत आम्ही तिघंच होतो. सौदा ठरला. घोडीला नाल ठोकून दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत तो स्वतः मळ्यावर आणून देणार होता, कारण त्याला तसंच पुढं तापी ओलांडून दोंडाईच्याला आगगाडी धरायची होती. माणसं आणि उरलेली जनावरं तो आधीच पुढं लावून देणार होता.

निघताना मी त्याला बाजूला घेतलं आणि हिंदीत म्हटलं, "सेठ, हात माझा होता हे कोणाला सांगू नका. वडील गावचे पाटील आहेत." त्यानं छातीवर हात ठेवला. त्यानं शब्द पाळला, फार चांगला पाळला.

संध्याकाळी चहाच्या पालात आमच्या गावची मंडळी बसली होती. सौदागर आला तसं एकानं डिवचलं, "सेठ, खोडनी घोडी पाटलीनले बांधी दिधी म्हने. रुमालखाल हात कोनी दिधा?"

सौदागरानं माझ्याकडे पाहिलं. एक डोळा किंचित मिटला. मग मोठ्यानं म्हणाला, "बाईए पोते आप्यो, भाई!" बाईनं स्वतः दिला.

पालात हशा उसळला. "कसा व्हता हात?" कोणीतरी ओरडलं.

"नरम," तो म्हणाला, आणि पुन्हा हशा.

तो माझ्याच हाताबद्दल बोलत होता. कधी नांगराला न लागलेला, दौतीत टाक बुडवणारा माझा हात. मी तिथंच होतो. ‘अहो, तो हात माझा’ एवढंच म्हणायचं होतं. मीही हसलो. लोक हसत होते म्हणून मीही हसलो, आणि आतून त्या माणसावर जळत राहिलो, जसं काही खोटं त्यानं आपल्या मनानं रचलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी नदीच्या वाटेवर लिंबाखाली उभा होतो. सौदागर मळ्याकडून आला. घोडी पोचती केली होती, काठीच्या टोकाला गाठोडं होतं. मला पाहून ओळखीचं हसला. "भाई, उतार क्यां?"

आमच्या बाजूला तेव्हा तापीवर पूल नव्हता. सारंगखेड्याला नाव होती, बाकीची गावं उतारानं नदी ओलांडायची. पण तापीचा उतार एका जागी राहत नाही. पुरात वाळू सरकते, जिथं गुडघाभर पाणी होतं तिथं डोह होतो. म्हणून दिवाळीनंतर भोई काठ्या घेऊन पाणी चाचपतात आणि नव्या उताराला पळसाच्या फांद्या रोवतात. आणि आमच्या गावाचा एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही पण पोरासोरांना ठाऊक असलेला. परक्या माणसानं उतार विचारला तर नुसतं बोट दाखवायचं नाही. त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत जायचं. तो पलीकडं पोचून हाक देईपर्यंत काठावर थांबायचं. हाक आली की आपण हाक द्यायची, मगच माघारी फिरायचं. पेरणीच्या घाईत असलेला माणूसही तिफण सोडून जातो. हे कोणी चुकवलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी चुकवलं. जागचा हललो नाही. हात लांब करून म्हटलं, "ती पलीकडची चिंच दिसते? तिच्यावर नजर ठेवा आणि सरळ जा." मी लहानाचा मोठा झालो तेव्हापासून उतार चिंचेच्या रोखानं होता. त्यानं मला रामराम घातला आणि निघाला. मी पाठ फिरवली.

त्या पावसाळ्यात चिंचेसमोरची वाळू वाहून गेली होती. नवा उतार पार वर, महादेवाच्या देवळासमोर होता. मला ते माहीत नव्हतं, ही देवाशपथ खरी गोष्ट आहे. पण चार पावलं काठापर्यंत गेलो असतो तर फांद्या दिसल्या असत्या. गेलो नाही, कारण तो माझ्या नरम हाताला हसला होता. माहीत नसणं ही चूक होती. न जाणं ही चूक नव्हती.

प्रेत डोहात वर आलं. जाळं टाकणाऱ्यांनी काकीच्या मळ्याखालीच काठाला लावलं. कपाळ फुटलेलं होतं. गाव लोटलं. काय झालं ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. घोडी तिच्या गोठ्यात, घोडीवाला तिच्या बांधाखाली मेलेला, आणि त्यानंच भर पालात सांगितलेलं की बाईनं हात दिला. कोणी तिच्या गोठ्यात कुऱ्हाड शोधायला लागलं. पाटील म्हणून आबा पुढं झाले. शहाद्याहून फौजदार आला.

काकीनं तीन वाक्यांत जबानी दिली. "घोडी दिधी. दूध पिना. ग्या." मग कोटाच्या खिशात हात घालून काठानं चालू लागली. फौजदार मागून म्हणाला, "काय बाई, तपास तू करतेस का मी?"

"तुम्हीच करा ना सायेब. मी नुसती मोहरे चाली ऱ्हायनू."

लोक हसले, फौजदारही हसला, पण मागं गेला. मीही गेलो. जुन्या उताराच्या तोंडाशी, जिथं आता कोणी जात नव्हतं, तिथं ओल्या गाळात पावलं उमटलेली होती. आधी जोड्यांची, मग एका दगडापासून पुढं अनवाणी, सरळ पाण्यात. एकट्याची. काकी म्हणाली, "सायेब, मुडदाना गयामा काय शे ते कोनी देखं का?"

सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं. त्याचे जोडे एकमेकांना बांधून गळ्यात अडकवलेले होते. कुऱ्हाड खाऊन पडलेला माणूस जोडे गळ्यात बांधत नाही. नदी ओलांडायला निघालेला बांधतो. फौजदारानं मान डोलावली. वाट चुकून बुडाला, कपाळ खडकानं फुटलं, असं लिहून तो जेवायला आमच्याकडे आला.

गावाचं मात्र समाधान झालं नाही. संध्याकाळपर्यंत म्हणू लागले, "फौजदारले बी दूध पाजं असी." आणि खुनाचं काहीही असो, रुमालाखालचा हात होताच. त्यावर पंच बसणार, असं आबांनी जाहीर केलं.

काकी मला भेटायला आली तेव्हा मी माडीवर कापसाच्या ढिगाशी बसलो होतो. ती उंबऱ्यातच टेकली.

"भाऊ, परका मानूस उतार इचारा बिगर पानीमा पाय टाकस का?"

"नही."

"आनि आपला गावना मानूस उतार सांगीसन घर निंघी जास का?"

मी ढिगातलं एक बोंड उचलून त्यातली सरकी काढू लागलो.

"मी गाव फिरनू. त्या सांजले कोनीच हाक ऐकी नही, कोनीच काठवर उभा नव्हता. आनि गावना मानूस देऊळ दखाडता. चिंच दखाडनारा पावसायामा आठे नव्हता. मी कोनं नाव लिऊ?"

"काकी, माले माहीत नव्हतं."

"ते माले माहीत शे." तिचा आवाज चढला नाही. "तुले कोनी फासावर दी नही, फौजदारना कागद व्हई ग्या. चावडीवर दोन गोष्टी सांग. हात तुन्हा व्हता. उतार तू सांगा. मंग मी मन्हा मळामा, तू तुन्हा धुळाले."

"आबा..."

"आबा पाटील शे. देव नही."

ती गेल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. त्यांना कापरं भरेल असं मला वाटलं होतं. ते ताटावर होते, घास संपेपर्यंत चावत राहिले. मग म्हणाले, "फौजदारनी कागद बंद कया. तू उघडशी?"

"काकीना मळा जाई, आबा."

"जाई कोठे? घरमाच ई." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. "आनि घर कोनं शे? तुन्हंच ना?"

चावडीवर दाटी झाली होती. काकी उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. अंगात तोच कोट. थोरल्या पंचानं विचारलं, "सौदागरना हातमा हात दिधा का नही?"

"नही."

"मंग कोनी दिधा?"

"ज्यानी दिधा तो सांगी."

"तो कसा सांगी?" कोणीतरी मागून ओरडलं. "त्याले तं तू पानी पाजं!"

हसण्याचा कल्लोळ झाला. काकी हसली नाही, रडली नाही, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मी नाकारलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मला वाटतं, नाकारलं असतं. तिलाही ते ठाऊक असावं. ती नुसती वाट बघत होती, काठावरचा माणूस पलीकडच्या हाकेची बघतो तशी. मी आबांच्या शेजारी सतरंजीवर बसलो होतो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"बरं," ती शेवटी म्हणाली.

निकाल झाला. मळा आबांकडे. आबांनी मोठ्या मनानं सांगितलं की घोडी विकून टाक, घरात कोपरा देतो, दोन वेळा जेव.

"घोडी मी ठेवस," काकी म्हणाली. "कोपरा तुम्हीच ठेवा. तुम्हले लागी."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती भोवऱ्याच्या घोडीवर बसून गावाच्या मधल्या रस्त्यानं गेली. मागच्या पांदीनं जाता आलं असतं, गेली नाही. बायका दारांत उभ्या होत्या. एका म्हातारीनं थुंकल्यासारखं केलं. काकीनं लगाम खेचला. "आजी, चूळ भराले पानी दिऊ का?" म्हातारी आत पळाली. घोडी उत्तरेकडे, सातपुड्याच्या वाटेला लागली. त्या दिवशी आमच्या गावात ताठ मानेनं चाललेलं तेवढं एकच माणूस मी पाहिलं.

मळा पुढं माझ्याकडे आला. त्यात केळी लावली, ऊस लावला. मुलांची शिक्षणं त्यावर झाली, हे घर त्यावर बांधलं. आणि गोष्ट वाढत गेली. आधी ती खुनी होती, मग डाकीण झाली, मग डोहातलं भूत. प्रत्येक वेळी मी तिथं हजर होतो. देवळाच्या पारावर, लग्नाच्या मांडवात, कोणी ना कोणी ती रंगवून सांगायचा आणि माझ्याकडे बघायचा, घरचा माणूस म्हणून. मी विडा चघळत बसायचो. माझं मौन त्या गोष्टीचा पुरावा झालं.

महायुद्धाच्या काळात सागाची लाकडं बघायला मी पहाडात गेलो होतो. मोलगीच्या बाजारात एका झाडाखाली तो कोट दिसला. कोपरांना दुसऱ्याच कापडाची ठिगळं होती. काकी मीठ, मिरच्या आणि कांदे मांडून बसली होती. पाठीमागं एक तरणी घोडी बांधलेली होती, त्या जुन्या घोडीची पोर. डोंगरातल्या बायका तिच्याभोवती बसून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत होत्या आणि ती त्याच बोलीत त्यांना चिडवत होती. नर्मदेकाठच्या मणिबेलीपर्यंत ती घोडीवर मीठ घेऊन जायची, असं नंतर कळलं. राहायची एकटीच.

मला पाहून म्हणाली, "भाऊ, जाडा व्हई ग्या रे."

तिनं पोत्याची घडी पुढं सारली. मी बसलो. तिनं फडक्यातली भाकर मोडून अर्धी मला दिली, वर मिरचीचा ठेचा. खाऊन झाल्यावर मी म्हणालो, "काकी, मी तुले..."

"आठे नको."

"ऐक तरी."

"नही ऐकस. आठे माले कोनी वाईट म्हनत नही. आठे बोलीसन तू मोकया व्हशी, मन्हं काय?" तिनं एका गिऱ्हाइकाला मीठ मापून दिलं, मग माझ्याकडे वळली. "जठे गप बठना, तठे बोल. चावडीवर. चार मानसंमा."

"बोलसू."

"आबा शे का आजून?"

"शे."

"मंग तं जरूर बोल," ती म्हणाली आणि मनापासून हसली. त्या हसण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पहाड उतरेपर्यंत वाक्य पाठ केलं होतं. त्याच आठवड्यात कंट्रोलच्या धान्यासाठी गाव चावडीवर जमलं. आबा लोडाला टेकून होते, पंचांपैकी बहुतेक हयात होते. मी उभा राहिलो. सगळे गप्प झाले, कारण मी सहसा बोलत नसे. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांचा हात लोडावरून सरकला.

मी विचारलं, साखर कधी येणार आहे. आणि खाली बसलो.

पुढं आबा गेले, पंच गेले. पहाडातून आलेल्या एका लाकूडतोड्यानं एक दिवस सांगितलं की मीठवाली घोडीबाई वारली. लोकांनी तिला मानानं माती दिली, म्हणाला, आणि घोडी कोणी विकली नाही. ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला, कोणाला काही बोललो नाही.

आता बोलतो. ज्यांना डोहाला नाव द्यायचं आहे त्यांनी माझं द्यावं. मळा आमच्या घराचा नव्हता आणि नाही, हे माझ्या मुलांनी वाचावं, पटो न पटो. माझ्या सुनेनं नातवंडांना पोहायला जाऊ द्यावं, कारण त्या पाण्यात कोणी पाय धरायला बसलेलं नाही. आणि म्हातारा भ्रमिष्ट झाला असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. ज्या दिवसांत मी शुद्धीवर होतो त्या दिवसांत मी खोटा होतो. त्या चावडीच्या जागी आता ग्रामपंचायतीची पक्की खोली आहे, ऐकायचं त्यांच्यापैकी कोणी उरलेलं नाही, आणि हा कागद म्हणजे चार माणसं नव्हेत, हे मला समजतं. साखरेचं विचारायला मी उभा राहिलो नव्हतो. उभा राहिलो तेव्हा तोंडात तयार होतं ते एवढंच:

"पंचहो, हात मन्हा व्हता. उतार मी सांगा, आनि मी काठवर थांबनू नही. काकीना काहीच दोष नव्हता. काकी, माले माफ कर."